भिंतीतली वाट

खुंटी जराशी कलली होती. बाभळीची, वीतभर जमिनीवर आलेली, हातोड्याच्या घावांनी डोकं पिंजून गेलेलं — आणि गळ्याशी सुतळीचा एक वेढा, चुन्यात बुडवून काढलेला, पांढरा. काल संध्याकाळी ती सरळ होती. म्हणजे एखादी गाय अंग घासून गेली असेल, किंवा कालच्या शेवटच्या फेऱ्यांत आपल्याच लुगड्याचा घोळ... पंचफुलेनं तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत बघतच पुढं गेली. वासुदेवाय नमः. उजव्या हाताला पिंपळ, डाव्या हाताला खुंटी. खुंटीच्या अलीकडं भिंत येऊन थांबलेली, पलीकडच्या खुंटीशी तीच भिंत पुन्हा सुरू झालेली, आणि दोन्हीकडच्या टोकांना मिस्त्रीनं दगडांचे दात बाहेर सोडलेले — उद्या एकमेकांत बसवायचे म्हणून. त्या दोन दातांच्या मधून तिची वाट जात होती.

निम्मी फेरी पिंपळामागच्या नाल्याच्या काठानं, निम्मी शाळेत. असं कुणाचं व्रत कुणी ऐकलं नसेल. भिंतीतून आत शिरलं की पायाखाली मुरूम लागायचा, चोपून बसवलेला, गार. मागची खोली म्हणे चौथीची होणार. तिथं चार पावलं चालून ती परत भिंतीच्या बाहेर पडायची आणि पायांना पुन्हा पिंपळाची सुकी पानं लागायची. चौथीच्या वर्गातून आपण दिवसातून कितीदा येतो-जातो, आणि आपल्याला अक्षर एक येत नाही, असं एकदा मनात येऊन ती फेऱ्या घालता घालता हसली होती. पण ते माघात. तेव्हा भिंत गुडघ्याएवढी होती. आता ती दोन्ही बाजूंनी तिच्या डोक्यावर गेली होती, आणि मधून जाताना कुणीतरी दोन्हीकडून वाकून आपल्याला बघतंय असं वाटायचं.

माळेतला एक मणी पुढं सरला.

जागा जगदेवनंच दिली होती — तिच्या नवऱ्यानं. गाव आणि तांडा यांच्या मधला हा तुकडा, पुढं गाडरस्ता, मागं नाला. नाल्याच्या काठाशी पिंपळ. मारुतीच्या ओसरीत भरणाऱ्या शाळेत तांड्यावरची लेकरं बसत नव्हती, बसू देत नव्हते म्हणा. तेव्हा तांड्याचे नाईक हेमसिंग जगदेवकडं आले आणि म्हणाले, पाटील, जागा तुमची, हात आमचे. जनपद सभेनं टिनं आणि लाकूड कबूल केलं, ओवरसियर येऊन दोऱ्या धरून गेला. जागा तेवढीच, म्हणून मागची भिंत अगदी पिंपळाच्या पाराला घासून आली. पिंपळाला धक्का लागणार नव्हता. पण त्याच्याभोवतीच्या वाटेला लागणार होता.

आणि तेव्हा सगळं गावच म्हणालं — वहिनीच्या लाख फेऱ्या चालू आहेत, त्या पुऱ्या होईस्तोवर तेवढी भिंत उघडी ठेवा. तिनं मागितलं नव्हतं. फेऱ्या घालताना ती बोलत नसे, आणि एरवीही ती हळूच बोलायची. तिनं मागितलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. पण गावानं तिच्यासाठी भिंत थांबवली, ओवरसियरनं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. त्या दिवशी तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. बायकांना वाटलं, भक्तीचं.

वासुदेवाय नमः.

भक्तीचंच नव्हतं का? होतं की. सोमवार, एकादशी, एकवेळ जेवण, सकाळची तुळस, संध्याकाळची वात — यातलं एक तरी तिनं कधी देखाव्यासाठी केलं होतं का? कधीच नाही. लहानपणापासून देव तिला घरातल्या माणसासारखा वाटायचा, कोपऱ्यात बसलेला, कमी बोलणारा, आपलं सगळं ठाऊक असलेला. म्हणूनच तर... सगळं ठाऊक असलेल्याला आता काय सांगायचं, आणि काय लपवायचं.

लाख फेऱ्या सासूबाईंनी सांगितल्या होत्या, दोन वर्षांमागं. रुख्मिणीबाई वाईट नव्हत्या. चुलीपाशी बसून, तव्यावरची भाकर उलटवता उलटवता त्या म्हणाल्या होत्या, "पिंपळाले लाख फेऱ्या घाल, पंचफुला. देवानं पोटी देलं तं सोन्याहून पिवळं. नाई देलं तं मंग आमी मोकळे." मोकळे म्हणजे काय ते चुलीतल्या जाळालासुद्धा कळलं असेल. शेलूबाजारला रुख्मिणीबाईंच्या भावाची मुलगी होती, गोजरा. पंधरा-सोळाची, चांगली, कामाला वाघीण. जगदेव त्या वेळी दारात बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. दोर मात्र थोडा जास्तच पिळला गेला, आणि मग उलगडून पुन्हा वळावा लागला.

तेव्हा लाख म्हणजे तिला केवढं लांब वाटलं होतं! आभाळाएवढं. इतक्या लांबच्या गोष्टीच्या आत माणूस सुखानं राहू शकतो. एक माळ पुरी झाली की तुरीचा एक दाणा भरल्या मडक्यातून रिकाम्या मडक्यात टाकायचा. आणि पहिले कित्येक महिने भरलं मडकं भरलेलंच दिसायचं. मग एक दिवस दाणा काढताना तिची बोटं मडक्याच्या बुडाला लागली. खापराचा खरखरीतपणा नखांना लागला. फेऱ्या संपणार होत्या, आणि तिच्या कुशीत काही नव्हतं.

त्या दुपारी सासूबाई निजल्या असताना तिनं ओंजळभर दाणे परत पहिल्या मडक्यात टाकले.

देवाचं व्रत मी चोरलं का? मी तर उलट जास्तच फेऱ्या घालतेय, कमी तर नाही ना घालत... असं ती स्वतःला सांगायची. चोर घेऊन जातो. मी तर आणून ठेवते. पण टाकताना मान दाराकडं वळायची ती वळायचीच. मग वळायची थांबली, आणि ती थांबली याचंच तिला जास्त भय वाटलं. शेवटी रुख्मिणीबाईंनी एकदा मडक्यात डोकावून म्हटलं, "हे कसे उंदीर वं आपल्या घरचे? दाने नेनारे पाह्यले, आनून ठेवनारे नाई पाह्यले." आणि हसून दोन्ही मडकी स्वतःच्या खाटेखाली सरकवली. त्यांना कळलं की नाही, ते त्यांच्या हसण्यावरून कधीच कळायचं नाही.

माळ संपली. तिनं पाराला लांबूनच हात जोडले — शनिवार नव्हता, पिंपळाला शिवायचं नव्हतं — आणि मौन सोडलं.

खोलीत कमलीबाई पाटीत मुरूम भरत होती. हेमसिंग नाईकांच्या तांड्यातली, देवलाची बायको. कोपरापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि त्यांतल्या एका बाजूच्या दोन-तीन फुटलेल्या. पंचफुला दिसली की ती नेहमी काहीतरी बोलायची. आज पाटी उचलून नुसतंच "राम राम, पाटलीणबाई" म्हणाली आणि पंचफुला जाईपर्यंत वाट सोडून उभी राहिली. पलीकडं चुन्याचा गारा कालवत होते. त्याचा दमट, आंबूस वास आला आणि पंचफुलेला एकदम थुंकावंसं वाटलं. ती भिंतीच्या आडोशाला गेली. तिथल्या दगडांवर अजून तो डाग होता. आठ दिवस झाले, मिस्त्रीनं दोनदा पाणी मारलं, तरी दगडाच्या खाचेत तो तांबडा-काळा राहिलाच.

त्या दुपारी वावधान आलं होतं. आभाळ पिवळं झालं, झाडं जमिनीला टेकली, आणि देवला याच टोकाशी परांचीची बल्ली बांधत उभा होता. भिंतीचे ते मोकळे दात — त्यांना धरायला पलीकडं काही नव्हतं. वरचे चार दगड सुटले. तीन जमिनीवर पडले, एक देवलाच्या पावलावर. मिस्त्री नंतर म्हणाला होता, हळूच, जगदेवला, "भित सांधली असती तं हाललीबी नसती, पाटील." आणि जगदेव म्हणाला होता, "चूप." तिनं दाराआडून ऐकलं होतं.

आणि त्याच संध्याकाळी, देवलाला बैलगाडीतून मालेगावच्या दवाखान्यात न्यायच्या आधी, कमलीबाई धावत धावत वाड्यावर आली आणि पंचफुलेच्या पायांवर पडली. "बाई, तुमच्या पुन्याईनं वाचला वं माहा मालक! दगड डोक्यात येत होता. तुमच्या फेऱ्यानं पायावर गेला." तिचं कपाळ पंचफुलेच्या पावलांना लागलं तेव्हा ते तापलेलं होतं, ओलं होतं. पंचफुला मागं सरली नाही. सरता आलं असतं. पाय उचलून घेता आले असते, एवढं तरी... पण ती तशीच उभी राहिली, देवळातल्या मूर्तीसारखी, पाया पडून घेत.

दुपारी जगदेव जेवायला बसला तेव्हा अंगणातली टिनं उन्हानं तडतडत होती. शाळेची टिनं, जनपदाच्या गाडीतून आलेली, भिंतीशी एकावर एक रचलेली. त्यांच्यावरून येणारी झळ थेट ओसरीत यायची.

"ओवरसियर शुक्रवारी येते," जगदेव म्हणाला. तो ताटाकडं बघून बोलत होता. "भित नाई मिटली तं टिनाखालचा पाट चढत नाई, पाट नाई तं टिनं चढत नाई. अन् मिरग येऊन राह्यला. एका पान्यानं कच्च्या सांध्याची भित बसून जाते. मंग लेकरं पुन्हा मारुतीत, अन् तांड्याची लेकरं पुन्हा ढोरामागं."

हे त्याचं फार बोलणं होतं. शाळेबद्दल बोलताना त्याचा आवाज वेगळा व्हायचा, तरणा व्हायचा. एकदा तो तिला त्या रिकाम्या खोलीत घेऊन गेला होता आणि म्हणाला होता, इथं फळा येईल. नुसत्या भिंतीवर हात ठेवून. त्याच्या तळहाताची चुन्यातली पांढरी खूण तिथं उमटली होती. त्या वेळी तिला वाटलं होतं — याला मूल नाही म्हणून हा शाळा बांधतोय. आणि मी ती बांधू देत नाही.

रुख्मिणीबाईंनी खाटेखालचं मडकं ओढलं आणि दाणे सुपात ओतले. दाणे सुपाच्या एका कोपऱ्यात मावले.

"परवा सुटते," त्या म्हणाल्या. "मी मोजूनच ठेवले. शनिवारी उद्यापन करून टाकू, पिंपळाले हातबी लावता येते. शेलूबाजारले निरोप धाडा. दादाले म्हना, गोजरालेबी घेऊन ये, पूजा पाह्यल पोरगी."

जगदेवनं वरण ओढलं. "धाडतो."

बस. धाडतो. तीन अक्षरं. त्यात राग नव्हता, आनंद नव्हता. असता तर तिनं काही केलं असतं. तिनं त्याच्या वाटीत वरण वाढलं आणि पळी परत ठेवता ठेवता, ठरवलेलं नसताना — खरंच ठरवलेलं नव्हतं — तिच्या तोंडून आलं, "आत्याबाई... मले बाहेर बसा लागते."

सुपातले दाणे हलायचे थांबले.

"आता?" सासूबाई म्हणाल्या.

ती मागं सरून भिंतीशी उभी राहिली. पळी सोडून, पदर सावरून, कुणाला शिवू नये तशी.

"या घरावरचा कावळाबी मोठा बेरकी," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मुहूर्त पाहून बसते." त्यांनी सूप उचललं, दाणे पुन्हा मडक्यात ओतले, शेवटचा दाणा बोटानं आत लोटला. "जा. सैपाकाचं मी पाह्यतो. चार दिवस तं चार दिवस." जगदेव हात न धुताच उठला. अंगणात जाऊन त्यानं एका टिनावर हात ठेवला, चटका बसला, आणि हात झटकला. एवढंच.

चैत्रात खरेच दिवस आले होते, पण ती चाराऐवजी सहा दिवस बसली होती. वैशाखात वेळेच्या आधीच बसली. म्हटलं खरे मागून येतील, तेव्हा म्हणू अंगावर जातंय, अजून चार मिळतील. एकेक दिवस असा ती मडक्यातल्या दाण्यासारखा मागं टाकत गेली होती. देवाला सांगितलं होतं — हे खोटं तुझ्याशी नाही, माणसांशी आहे. पण हे सांगताना ती त्याच्याकडं बघत नसे.

लुगडं बदलून, अंगावरचं धुवायला घेऊन ती मागच्या दारानं नाल्यावर गेली. ज्येष्ठात नाला म्हणजे नुसती वाळू; वाळूत उकरलेले झिरे, आणि त्यांतल्या एकातून पाण्याची बोटभर धार खालच्या झिऱ्यात जात होती. बाहेर बसलेल्या बायका खालच्या झिऱ्यावर धुवायच्या. ती तिथं बसली तेव्हा तिला दिसलं — वरच्या झिऱ्याशी कमलीबाई होती. तिच्यापुढं चिंध्यांचा ढीग होता. देवलाच्या पायाच्या पट्ट्या.

मालेगावच्या डॉक्टरनं दोन बोटं काढली होती. बाकीचं पाऊल राहील की नाही ते सांगता येत नाही म्हणाला होता, आणि औषध देऊन घरी पाठवलं होतं. कमलीबाई एकेक पट्टी दगडावर ठेवून चोळत होती. पाणी तांबूस होऊन धारेतून खाली येत होतं. पंचफुलेच्या झिऱ्यात येऊन ते आधी गुलाबी व्हायचं, मग दिसेनासं व्हायचं.

तिनं आपलं लुगडं पाण्यात बुडवलं. चोळलं. पिळलं. त्यातून निघालेलं पाणी नितळ होतं. झिऱ्याच्या तळाची वाळू दिसत होती. घरी हे लुगडं कुंपणावर वाळत पडेल. आत्याबाई त्याच्यावरून नजर फिरवतील, फिरवतातच... आणि मग तिच्या हातांनी काय केलं ते तिला हातांनी करून झाल्यावर कळलं. तिनं लुगड्याचा एक पदर धारेच्या तोंडाशी धरला होता, वरून येणाऱ्या तांबूस पाण्याखाली. कापड थोडं थोडं डागत होतं.

"पाटलीणबाई."

तिनं हात मागं घेतला नाही. घ्यायला हवा होता, पण हात तसाच राहिला.

कमलीबाई उठून दोन पावलं खाली आली आणि वाळूत उकिडवी बसली. तिनं त्या लुगड्याकडं बघितलं, धारेकडं बघितलं, मग पंचफुलेच्या तोंडाकडं.

"तुमचं लुगडं तं साफ होतं," ती म्हणाली. "काहून बसल्या मंग बाहेर?"

नाल्यापलीकडं हातोड्याचा आवाज येत होता. दगड घडवत होते. जी जागा भरायची नव्हती तिच्यासाठीही दगड घडवून ठेवत होते.

"मागल्या महिन्यातबी असंच होतं. म्या पाह्यलं होतं. म्हनलं, मोठ्या घरच्या गोठी, आपल्याले काय करा लागते." कमलीबाईनं मान तिरकी केली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं — हसू नव्हतं, पण हसूच्या वाटेवरचं काहीतरी. "सकाळी चुन्याच्या वासानं थुकून राह्यल्या होत्या. बाई... दिवस तं नाई राह्यले तुमाले?"

पंचफुलेला ते आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द कानांत गेले, आणि आत जाऊन उभे राहिले, कुणी या म्हणायची वाट बघत. चैत्र. वैशाख. मागून येतील म्हटले होते... ते आलेच नव्हते. खोट्या दिवसांच्या गर्दीत खऱ्या दिवसांकडं बघायचं ती विसरून गेली होती. बाहेर बसायची, आत यायची, पुन्हा बसायची — आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की ते येऊन गेले, कारण सगळ्यांना तसं वाटत होतं. लपवलेली वस्तू कुठं लपवली ते लपवणाऱ्यानंच विसरावं तसं.

"नाई," ती म्हणाली. "उपास आहेत. वाळून गेलं असेल अंग."

"मले सहा झाले, बाई. चालीवरून वळखतो मी. गायीचंबी वळखतो अन् बाईचंबी." आणि आता ती खरोखर हसली, पांढऱ्या बांगड्यांचा हात तोंडावर ठेवून. "मोठी कंजूस आहा तुमी! देवानं देलं, अन् देवालेच सांगून नाई राह्यल्या."

हसणं तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. एखादी गोष्ट आपल्या आपण पुढं सरकत जावी आणि तिला थांबवता येऊ नये, तसं ते पंचफुलेला समोर दिसत होतं. कमलीबाईची नजर वाळूवर गेली, धारेवर गेली, दगडावरच्या पट्ट्यांवर गेली, नाल्यापलीकडच्या भिंतीवर गेली. दोन टोकांमध्ये आभाळ दिसत होतं.

"मंग," ती म्हणाली, "भित कायले रोकली होती?"

पंचफुलेच्या तोंडाला उत्तर होतं. गोजरा, असं ते उत्तर होतं. एक पोरगी, सतरा-अठरा वर्षांची, जिचा काही दोष नव्हता. मी घाबरले होते, असंही ते उत्तर होतं. फेऱ्या संपल्या असत्या तर मी संपले असते, असं. पण या तिन्ही उत्तरांतलं एकही त्या पट्ट्यांपुढं ठेवण्याएवढं मोठं नव्हतं. तिनं लुगडं धारेतून काढून पिळलं. आयुष्यभर तिच्या न बोलण्याला लोक सात्त्विकपणा म्हणत आले होते.

कमलीबाई उठली. वर जाऊन तिनं पट्ट्या पिळल्या, पाटीत टाकल्या, पाटी डोक्यावर घेतली. पुन्हा जवळून जाताना ती थांबली, पण या वेळी बसली नाही.

"म्या कोनाले सांगत नाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं तुमच्यापाशी. पर त्या दिशी तुमी मले पायाले हात लावू द्याले नव्हता पाह्यजे."

आणि ती गेली. वाळूत तिच्या पायांचे ठसे खोल उठले, पाटीच्या वजनानं.

गोठ्याच्या कडेला गोणपाट टाकून पंचफुला बसली तेव्हा ऊन कलत होतं. इथून शाळा दिसायची. मजूर घरी निघाले होते; हेमसिंग नाईक एकटेच उरलेल्या दगडांभोवती फिरत होते, एकेक पायानं सरळ करत. ती बघत होती आणि बघत नव्हती. सांगितलं तर? आत्याबाई देवापुढं साखर ठेवतील. उद्या सकाळीच भिंत बंद होईल, शेलूबाजारचा निरोप अर्ध्या वाटेतून परत येईल, तो... तो भिंतीवर पुन्हा हात ठेवेल. सगळं सरळ होईल, एका शब्दानं. आणि मग आत्याबाई बोटांवर महिने मोजतील. मोजतातच. चैत्रात बसली होतीस, वैशाखात बसली होतीस, आज बसलीस... मग हे कधीचं? त्यांच्या बोटांमध्ये एक दिवस जिथं बसणार नाही, तिथं त्या काय बसवतील? एक तर मी देवाला फसवलं, नाहीतर नवऱ्याला. या दोन्हींतलं कुठलं सोपं?

आणि हे काहीच नसेल तर. नुसतं वाळलेलं अंग. तेही असेल. तेच असेल.

पण नाही. तिला कळत होतं. ज्या अंगाचं तिनं वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं, ते आता एकदम स्पष्ट बोलत होतं. थकल्यासारखं, थोडं चिडल्यासारखंसुद्धा. परत टाकलेले ओंजळी-ओंजळी दाणे... ते देवाच्या हिशेबात परत गेलेच नसतील. त्याच्याकडं लाख कधीच झाल्या असतील. होळीच्या आधी झाल्या असतील. त्यानं मोजलं, आणि दिलं. वावधानाच्या कितीतरी आधी दिलं. त्यानंतर ती जे फिरत राहिली ते व्रत नव्हतं. ती नुसती एक बाई होती, एका झाडाभोवती फिरणारी, आणि तिच्यासाठी एक भिंत तोंड उघडून उभी होती, आणि त्या उघड्या तोंडाखाली एक माणूस बल्ली बांधत होता.

देणं आधी आलं. पाऊल नंतर गेलं. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही म्हणेल. तिनं स्वतःही म्हणून बघितलं. ते खरं वाटलं नाही.

रुख्मिणीबाई आल्या. लांबूनच त्यांनी पानावर भाकर ठेवली, वर आमसुलाची चटणी, आणि बाजूला गुळाचा एक खडा. गूळ रोज नसायचा. "खाऊन घे," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता थांबून, दुसरीकडंच बघत, "मीबी लेकरासाठी लय देव धुंडले होते, बाई. जगदेव सहा वर्षांनी झाला. मले मालूम आहे." आणि आत गेल्या. मालूम काय आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. तिला हाक मारावीशी वाटली. आत्याबाई — एवढंच. तोंड उघडलं होतं. पण आतून काडी ओढल्याचा आवाज आला, आणि देव्हाऱ्यातली वात लागली. त्या वातीसमोर आता आत्याबाई बसल्या होत्या.

रोज या वेळेला तीच बसायची. लहानपणापासून. बाहेर बसायच्या दिवसांत इथं गोठ्यापाशी बसूनसुद्धा त्या उजेडाकडं तोंड करून ती हात जोडायची, आणि मग आपोआप मागणं यायचं. ओठांना सवय होती, शब्द नुसते उतरायचे. आता हात जुळले. ओठ हलले. आणि काही आलं नाही. तिनं वाट बघितली. गाय दावणीत हुंगत होती. आतून रुख्मिणीबाईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं, ती आरती नव्हती, नुसता सूर होता.

मागू काय? पोटातलं ते राहू दे असं म्हणू, की जाऊ दे असं? देवलाचं पाऊल परत दे म्हणू, आणि त्याच्या बदल्यात... नाही. ते वाक्य तिनं मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. घाईघाईनं, एखादं लेकरू विहिरीच्या काठावरून ओढावं तसं तिनं ते मागं ओढलं. आणि ओढताना तिला कळलं की आपण ते ओढलं. म्हणजे आपल्याला हवं आहे. कुणाचं पाऊल गेलं असलं तरी, खोट्या दिवसांत आलेलं असलं तरी. कमलीबाईच्या तोंडाकडं पुन्हा कधी बघता आलं नाही तरी. हवं आहे.

हे तिला इतकं लाजिरवाणं वाटलं, आणि इतकं आपलं, की जोडलेले हात तिनं सोडले. पदर ओढून पोटावर घेतला, वर गुडघे जवळ घेतले, आणि उजेडाकडं पाठ करून ती भिंतीकडं तोंड फिरवून बसली — आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटून, की देवानं आता थोडा वेळ इकडं बघू नये.